पंचविसाची मर्यादा आणि पादचाऱ्याची वाट

विजेवर चालणाऱ्या दुचाकी गेल्या पाच-सहा वर्षांत आपल्या शहरांच्या रस्त्यांवर अशा काही रुळल्या आहेत की, त्यांच्याकडे वळून पाहण्याचे आता कोणाला कारण उरलेले नाही. धूर नाही, फटफट नाही, पेट्रोलच्या भावाची धास्ती नाही. रात्री घरच्या विजेवर लावून ठेवावी आणि सकाळी निश्चिंतपणे कामास बाहेर पडावे, असे हे सोयीचे वाहन आहे. त्याचे स्वागत करण्यास आम्हांस कसलाही संकोच वाटत नाही. तथापि, स्वागताच्या गडबडीत एक गोष्ट मागे राहून गेली. हे वाहन किती वेगाने, कोणत्या वाटेने आणि कोणाच्या शेजारून जावे, हे ठरविण्याचे काम आपण केलेलेच नाही. कायद्यात त्यासंबंधी एक नियम आहे, पण रस्त्यावर त्याचा मागमूस नाही. या दोहोंच्या मधल्या पोकळीत सापडला आहे तो पायी चालणारा मनुष्य.

हा विषय मांडताना आम्ही बडोद्यातील फतेगंज भागाचे उदाहरण समोर ठेवीत आहो. गोमंतकातील वाचकांस बडोदे परके नाही. सयाजीराव गायकवाडांच्या त्या नगरीशी मराठी मनाचे नाते आजचे नाही. शिवाय विजेच्या दुचाकींच्या संदर्भात बडोद्यास आज एक वेगळे महत्त्व आले आहे. 'जॉय ई-बाइक' या नावाच्या दुचाकी बनविणाऱ्या कंपनीचा कारखाना बडोद्यातच आहे. गुजरात सरकारने २०२१ साली विद्युत् वाहनांचे जे धोरण जाहीर केले, त्यात चार वर्षांत दोन लाख विद्युत् वाहने रस्त्यावर आणण्याचा संकल्प होता आणि त्यांपैकी १ लाख १० हजार दुचाकी असाव्यात अशी अपेक्षा होती. जे वाहन बडोद्यात तयार होते आणि ज्याला तेथील सरकारने अनुदान दिले, त्याचे गुणदोष प्रथम तेथील रस्त्यांवरच दिसणार, हे उघड आहे. आपल्याकडे तीच गोष्ट थोड्या उशिराने येणार. शेजाऱ्याच्या घरी आलेल्या पाहुण्याचा स्वभाव आधीच समजून घेतलेला बरा.

फतेगंज हा बडोद्याच्या उत्तरेकडचा भाग. ब्रिटिश अमदानीतील छावणीचा हा परिसर. आजही लष्कराचे विद्युत् व यांत्रिकी अभियांत्रिकी विद्यालय तेथे आहे आणि १९६६ साली उभारलेले, ॲल्युमिनियमच्या पत्र्यांनी मढविलेले त्याच्या आवारातील दक्षिणामूर्तीचे मंदिर पाहावयास दुरून लोक येतात. एका अंगाला १९४९ साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा विस्तार, थोडे पुढे गेले की सयाजीबाग, म्हणजे जुन्या बडोदेकरांची कमाटीबाग, आणि त्यापलीकडे रेल्वे स्थानक. साहजिकच विद्यार्थ्यांची वस्ती मोठी. खाणावळी, चहाची आणि नाश्त्याची दुकाने, झेरॉक्सवाले, पुस्तकांची दुकाने यांनी हा भाग सायंकाळी गजबजून जातो. वर उड्डाणपूल आहे, पण पुलावरून जाणाऱ्यांचा प्रश्न निराळा आणि पुलाखाली वावरणाऱ्यांचा निराळा. खालच्या रस्त्याच्या कडेला फिरावयास निघालेला पेन्शनर, शिकवणीहून परतणारी मुलगी, सायकलवाला, हातगाडीवाला आणि पाठीवर खाद्यपदार्थांची पेटी बांधून निघालेला पोऱ्या हे सगळे एकाच पट्टीतून वाट काढतात. पाश्चात्त्य नगररचनाकार ज्याला सामाईक मार्ग म्हणतात आणि ज्यासाठी ते पाट्या, पट्टे, रुंदी यांचा बारकाईने विचार करतात, तो मार्ग आपल्याकडे असा आपोआप तयार होतो. त्याला नाव नाही, मोजमाप नाही आणि म्हणून नियमही नाही.

या पट्टीत विजेची दुचाकी आली. तिला मोटारसायकलीसारखे रस्त्याच्या मध्यातून हाकावे तर मागून येणारी मोठी वाहने भोंगे वाजवून हैराण करतात, आणि सायकलीसारखी कडेने न्यावी तर पायी चालणारे आडवे येतात. चालविणाऱ्याने कडेचा मार्ग पत्करला यात त्याचा सर्वस्वी दोष आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु कडेला आल्यावरही तो मध्यातला वेग सोडीत नाही, एखादे वळण वाचविण्यासाठी उलट्या दिशेने घुसतो आणि कधी थेट पदपथावर चाक चढवितो. खरा धोका तेथे उत्पन्न होतो.

कायदा काय म्हणतो, ते पाहू. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत विजेच्या दुचाकीला एक सवलत आहे. तिच्या यंत्राची अर्धा तास सलग देता येणारी शक्ती पाव किलोवॉटपेक्षा, म्हणजे २५० वॉटपेक्षा कमी असली, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असला, बॅटरी वगळता वजन ६० किलोपेक्षा अधिक नसले, योग्य ब्रेक आणि पुढेमागे प्रकाश परावर्तित करणाऱ्या खुणा असल्या आणि या सर्व गोष्टी सरकारमान्य चाचणी संस्थेने तपासून मान्य केल्या, तर ती दुचाकी मोटार वाहन मानली जात नाही. मोटार वाहनच नव्हे, म्हणून नोंदणी नाही, क्रमांकाची पाटी नाही, चालकास परवाना नाही, वयाची अट नाही, विमा नाही आणि हेल्मेटचे बंधनही नाही. सायकलीपेक्षा थोडी सोयीची आणि स्कूटरपेक्षा पुष्कळ सौम्य अशी एक गाडी गरीब व मध्यम वर्गाला सहज मिळावी, हा या सवलतीमागचा हेतू. हेतू चांगला आहे आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही.

आमचा आक्षेप पुढच्या गोष्टीला आहे. या सवलतीने एक असे वाहन निर्माण केले की, ज्याचा वाली कोणीच नाही. ते मोटार वाहन नसल्यामुळे परिवहन खाते त्याच्याकडे पाहत नाही. ते सायकल नसल्यामुळे सायकलीच्या संथ गतीचा संस्कार त्याला लाभलेला नाही. मोटार वाहन पदपथावर नेऊ नये असा नियम आहेच, पण जे मोटार वाहनच नव्हे त्याला तो नियम कितपत बांधतो, यावर वकिलांनी खुशाल वाद घालीत बसावे.

याचा सर्वांत कठोर परिणाम भोगावा लागतो तो धक्का लागून पडलेल्या माणसाला. सत्तरीच्या एखाद्या गृहस्थाला मोटारीने ठोकरले, तर त्याला किंवा त्याच्या वारसांना मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते आणि विमा कंपनीला भरपाई द्यावी लागते. वाहन पळून गेले, तरी १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या योजनेनुसार मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळण्याची सोय आहे. या साऱ्या व्यवस्थेचा पाया एकच आहे: अपघात मोटार वाहनाचा असला पाहिजे. नोंदणीमुक्त दुचाकीच्या धक्क्याने त्याच गृहस्थाचे खुब्याचे हाड मोडले, तर न्यायाधिकरणाचे दार त्याच्यासाठी उघडे नाही, विमा कंपनी तर मुळातच नाही. क्रमांकाची पाटी नसल्यामुळे गाडी कोणाची हे सांगणेही कठीण. जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेखाली बेदरकारपणे वाहन हाकल्याबद्दल चालकावर खटला होऊ शकतो, ते वाहन मोटार असो वा नसो. पण चालकाला दंड झाल्याने मोडलेल्या हाडाचा खर्च भागत नाही. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात घडले आहे त्यांना सांगावयास नको. पुष्कळांचे अंथरूण त्यानंतर सुटत नाही. अशा माणसाने भरपाईसाठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी आणि तारखा मोजीत बसावे, असे आपला कायदा त्याला सांगतो. सवलत गाडीला मिळाली, पण तिची किंमत मोजण्याचे पाळी आली ती पादचाऱ्यावर.

हे सगळे गाडी खरोखरच पंचविसाच्या आत धावते असे गृहीत धरून झाले. वस्तुस्थिती अशी नाही. मे २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांना आपल्या कार्यालयांस अशा दुचाकींच्या तपासणीचा आदेश द्यावा लागला, तो २५० वॉटपेक्षा अधिक शक्तीची यंत्रे बसवून आणि वेगमर्यादा वाढवून गाड्या विकल्या जात असल्याचे दिसून आले म्हणूनच. या गाड्यांमधील वेगाचा लगाम हा पुष्कळदा विद्युत् नियंत्रकातील एका जोडणीचा खेळ असतो. ती जोडणी बदलली की पंचविसाची गाडी चाळीस-पंचेचाळीसने धावू लागते. अशी गाडी कायद्याच्या दृष्टीने त्या क्षणापासून मोटार वाहन ठरते, म्हणजे परवान्याशिवाय, विम्याशिवाय आणि नोंदणीशिवाय रस्त्यावर आलेले मोटार वाहन. पण बाहेरून पाहणाऱ्या हवालदाराला दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात.

पंचवीस आणि पंचेचाळीस यांत काय मोठे, असे विचारणारे भेटतात. त्यांच्यासाठी थोडे गणित मांडतो. ताशी २५ किलोमीटरच्या वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे सात मीटर जाते, ४५ च्या वेगाने साडेबारा मीटर. समोर मूल आडवे आल्याचे डोळ्यांना दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच पहिली गाडी सात आणि दुसरी साडेबारा मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर चांगल्या कोरड्या रस्त्यावर पूर्ण थांबण्यास पहिलीला आणखी पाच मीटर पुरतात, तर दुसरीला पंधरा-सोळा लागतात. एकूण हिशेब बारा मीटर विरुद्ध अठ्ठावीस मीटर असा पडतो. आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे शाळेतल्या पदार्थविज्ञानात आपण शिकलो आहो. त्या नियमाने पंचेचाळीसचा आघात पंचविसाच्या सव्वातीन पट होतो. गाडी, बॅटरी आणि वर बसलेला मनुष्य मिळून सव्वाशे-दीडशे किलोचे ओझे अशा वेगाने तासाला चार-पाच किलोमीटर चालणाऱ्या माणसाच्या अंगावर येते. फतेगंजच्या सायंकाळच्या गर्दीत अठ्ठावीस मीटरची मोकळी जागा कोणाला कोठे सापडणार?

आवाजाचाही विचार केला पाहिजे. पेट्रोलच्या गाडीची फटफट त्रासदायक खरी, पण ती पादचाऱ्याला न मागता सावध करते. वयस्क माणूस रस्त्यात डोळ्यांपेक्षा कानांच्या भरवशावर अधिक चालतो, आणि अंध माणसाला तर कानांखेरीज दुसरा आधारच नसतो. विजेची दुचाकी पाठीमागून येते ती मांजराच्या पावलांनी. युरोपात जुलै २०१९ पासून विजेच्या नव्या प्रकारच्या मोटारींना संथ गतीत असताना मुद्दाम आवाज करणारे यंत्र बसविण्याची सक्ती झाली, ती याच कारणासाठी. दुचाकीच्या बाबतीत निदान घंटा असावी आणि ती वाजवावी, एवढी साधी अपेक्षा करावयास काय हरकत आहे? आपल्या सायकलींना घंटा असे आणि दिवा नसला तर पोलिस अडवीत असे, ही आठवण पुष्कळ वाचकांस असेल. सायकलीवर डबलसीट बसणाऱ्यालाही धाक होता. त्या काळी ताशी बारा-पंधरा किलोमीटरच्या वाहनासाठी जी दक्षता होती, ती आज त्याच्या दुप्पट-तिप्पट वेगाच्या वाहनासाठी असू नये, हा उलटा न्याय झाला.

यात सर्वांत काळजी वाटते ती कोवळ्या वयाच्या चालकांची. सप्टेंबर २०२० मध्ये गुजरात सरकारने नववीपासून महाविद्यालयापर्यंतच्या विद्यार्थ्यांसाठी विजेच्या दुचाकीवर प्रत्येकी १२ हजार रुपयांचे अनुदान जाहीर केले. दहा हजार गाड्यांना ते द्यावयाचे ठरले होते. शिक्षणासाठी दुरून येणाऱ्या मुलांना, विशेषतः मुलींना, या योजनेचा उपयोग होण्यासारखा होता हे आम्ही मान्य करतो. पण नववीतला मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा असतो. त्याला मोटार वाहन चालविण्याचा परवाना मिळू शकत नाही. अर्थात् तो कायद्याला धरून चालवू शकेल अशी दुचाकी एकच, ती म्हणजे नोंदणीमुक्त, मंदगती दुचाकी. सरकारने त्याच्या हाती गाडी देण्याचा विचार केला. त्या गाडीबरोबर रस्त्याचे नियम शिकविणारे चार तास आणि डोक्यावर घालावयाचे एक हेल्मेट देण्याचा विचारही तितक्याच तत्परतेने व्हावयास हवा होता. अज्ञान मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केला तर पालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यात आली आहे. पालकांनी हे ध्यानात ठेवावे की, मुलाच्या मंदगती गाडीची जोडणी दुकानदाराकडून "जरा मोकळी" करून घेतली, तर ती गाडी मोटार वाहन ठरू शकते आणि हेच कलम त्यांच्या दारात येऊन उभे राहते.

आता दुसरी बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. रस्त्यावर माणसे मारली जातात ती मुख्यतः विजेच्या मंदगती दुचाकींनी नव्हे. मार्च २०२५ मध्ये होळीच्या रात्री बडोद्याच्याच कारेलीबाग भागात एका भरधाव मोटारीच्या धडकेत एका महिलेचा बळी गेला आणि अनेक जण जखमी झाले, तेव्हा ते शहर हादरून गेले होते. अशा मोटारींच्या तुलनेत पंचविसाच्या आत धावणारी दुचाकी हे गरीब जनावर आहे. पेट्रोलची स्कूटर सोडून जो मनुष्य अशा दुचाकीवर येतो, तो शहराची हवा आणि शहराचा जीव या दोहोंवर उपकारच करतो. घरपोच पदार्थ पोहोचविणाऱ्या पोऱ्यांचेही तेच. परवाना काढण्याची ऐपत किंवा सवड नसलेल्या तरुणाला ही गाडी चार पैसे मिळवून देते. वेळेत पोहोचला नाही तर ज्याचे पैसे बुडतात, त्याच्या वेगाचा दोष सर्वस्वी त्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ज्यांनी त्याला मिनिटांचा हिशेब लावून दिला, त्यांनीही त्यात आपला वाटा ओळखावा. म्हणून या गाड्यांवर सरसकट बंदी घाला, असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही.

बंदीचा मार्ग इतरांनी कसा चोखाळला, हे मात्र पाहण्यासारखे आहे. सिंगापुरात विजेवरील स्कूटर पदपथावरून चालविण्यास मुभा होती आणि तिला ताशी दहा किलोमीटरची मर्यादाही होती. सप्टेंबर २०१९ मध्ये अशा स्कूटरशी टक्कर होऊन ६५ वर्षांची एक सायकलस्वार महिला मरण पावली. लोकक्षोभ एवढा झाला की, ५ नोव्हेंबर २०१९ पासून तेथील सरकारने या गाड्यांना पदपथ पूर्णपणे बंद केला आणि त्यांना केवळ सायकल-मार्गापुरते ठेवले. पॅरिसमध्ये भाड्याच्या विजेच्या स्कूटरी ठेवाव्यात की नाही यावर एप्रिल २०२३ मध्ये नागरिकांचे मत घेण्यात आले. मतदानास आले थोडेच लोक, पण आलेल्यांपैकी दहांत जवळपास नऊ जणांनी नकार दिला आणि सप्टेंबरपासून त्या गाड्या रस्त्यावरून गेल्या. नेदरलँड्ससारख्या सायकलींच्या देशातही ताशी २५ किलोमीटर धावणाऱ्या हलक्या मोपेडच्या स्वारांना जानेवारी २०२३ पासून हेल्मेट सक्तीचे झाले. या तिन्ही ठिकाणचा बोध आम्ही असा घेतो की, जेथे सरकारने वेळेवर वाट आखून दिली नाही, तेथे पुढे लोकांनी संतापून गाडीच हाकलून दिली. आज आपण शिस्त लावली नाही, तर उद्या एखाद्या दुर्घटनेनंतर जी ओरड होईल, तिच्यात या गाड्यांचा उपयोग कोणी ऐकून घेणार नाही.

आपल्या देशात पादचाऱ्याची दैना किती आहे, हे सरकारच्याच आकड्यांवरून दिसते. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ३२ हजार ८२५ पादचारी होते. दर पाच मृतांत जवळजवळ एक पायी चालणारा. एखाद्या बऱ्यापैकी गावाची वस्ती दर वर्षी रस्त्यावर नष्ट व्हावी, तसे हे आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमाखालील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले आणि पादचाऱ्यांसाठी योग्य पदपथ असावेत याकरिता राज्यांनी मार्गदर्शक नियम करावेत असा आदेश दिला. जीविताच्या हक्काइतके मोठे स्थान न्यायालयाने पदपथाला दिले असताना, नगरपालिकांनी त्याला दुकानांचे अंगण आणि दुचाकींचा आडरस्ता म्हणून सोडून द्यावे, हे लांच्छनास्पद आहे.

मग करावयाचे काय? आमच्या मते पहिली गोष्ट ही की, वाट ठरली पाहिजे. जेथे पदपथ आहे तेथे कोणतेही यंत्र बसविलेले वाहन चढू नये, मग कायदा त्याला मोटार म्हणो वा न म्हणो. महापालिका आणि नगरपालिका यांनी तसा स्पष्ट नियम करावा आणि पदपथाच्या तोंडाशी चाक शिरणार नाही, पण चाकाची खुर्ची शिरेल, असे खांब रोवावेत. जेथे पदपथास जागाच नाही आणि सर्वांना एकाच पट्टीतून जावयाचे आहे, तेथे पादचाऱ्याच्या गतीने गाडी न्यावी किंवा उतरून हाती धरून न्यावी. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे जमलेल्या राष्ट्रांनी माणसे आणि वाहने जेथे मिसळतात तेथे ताशी ३० किलोमीटर ही कमाल मर्यादा असावी असा ठराव केला. ती मर्यादा रस्त्यासाठी आहे. कडेच्या अरुंद पट्टीसाठी ती आणखी खाली आणावी लागेल.

दुसरी गोष्ट ओळखीची. नोंदणीमुक्त दुचाकीला मोटारीसारखी महागडी नोंदणी नको. पण पूर्वी कित्येक नगरपालिका सायकलीला कराचा जो बिल्ला देत, तसा एक क्रमांकाचा बिल्ला या गाडीला अल्प शुल्कात देणे सहज शक्य आहे. त्या शुल्कातूनच जखमी पादचाऱ्यांसाठी एक लहानसा निधी किंवा सामुदायिक विमा उभा करता येईल. न्यायाधिकरणाचे दार बंद असलेल्या माणसाला निदान इस्पितळाच्या खर्चाचा आधार त्यातून मिळेल.

तिसरी गोष्ट तपासणीची, आणि ती विक्रेत्यापासून सुरू व्हावी. नियमबाह्य मोटार वाहन विकणाऱ्या उत्पादकास वा विक्रेत्यास दर वाहनामागे एक लाख रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आहे. मालकाने गाडीत बेकायदा फेरफार केला, तर त्याला सहा महिने कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड आहे. ही कलमे कागदावर झोपू न देता दुकानात जाऊन गाड्या मोजल्या, तर चौकाचौकांत विद्यार्थ्यांना अडवून दंडाच्या पावत्या फाडण्याची वेळ फारशी येणार नाही. मोठे मासे सोडून लहान मासे पकडण्याची आपल्या यंत्रणेची खोड येथे तरी मोडावी.

चौथी गोष्ट शिक्षणाची. जेथे सरकारी अनुदान, तेथे हेल्मेट आणि रस्त्याच्या नियमांची शिकवणी ही अट असलीच पाहिजे. हेल्मेटच्या बाबतीत सरकारांनी डळमळीत राहू नये. डिसेंबर २०१९ मध्ये गुजरात सरकारने शहरी हद्दीत हेल्मेटची सक्ती सैल करण्याची घोषणा केली होती आणि पुढे तिला त्यापासून माघार घ्यावी लागली. अशा धरसोडीने लोकांना एवढेच कळते की, नियम हा जीव वाचविण्यासाठी नसून मते पाहून वाकविण्यासाठी असतो.

बडोद्याच्या इतिहासाकडे पाहिले, तर सक्ती आणि सोय यांची सांगड कशी घालावी याचा वस्तुपाठ तेथेच सापडतो. सयाजीराव महाराजांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले ते एकदम साऱ्या राज्यात नव्हे. १८९३ साली अमरेली भागात प्रयोग झाला, त्याचा अनुभव घेतला गेला आणि १९०६ साली तो नियम राज्यभर लागू झाला. नियम करण्यापूर्वी तो पाळता येईल अशी व्यवस्था करणे, आणि व्यवस्था झाल्यावर नियम पाळून घेणे, हा त्या राजाचा बाणा होता. त्याच्या नावाने चालणाऱ्या विद्यापीठाच्या वेशीवर, फतेगंजात, अशाच एखाद्या प्रयोगाला आरंभ व्हावा. एका रस्त्याची वाट आखा, एका वर्षाचा अनुभव घ्या आणि मग शहरभर न्या. हजारो तरुण अभियंते आणि समाजशास्त्राचे विद्यार्थी हाताशी असताना मोजमापाला माणसे मिळत नाहीत असे म्हणण्याची सोय तेथील महापालिकेला नाही.

आणि आपण? जुलै २०२३ मध्ये आपले मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी पर्यटकांच्या सेवेत येणारी नवी वाहने जानेवारी २०२४ पासून विजेवरची असावीत असे जाहीर केले होते. पेट्रोलचा धूर कमी व्हावा ही इच्छा आमचीही आहे. पण गोव्यातील भाड्याची दुचाकी चालविणारा हा पुष्कळदा रस्ता न ओळखणारा, सुटीच्या मनःस्थितीतला पाहुणा असतो. मांडवीच्या काठाने दयानंद बांदोडकर मार्गावर सायंकाळी फिरावयास जाणारी वृद्ध मंडळी, मळ्यातील अरुंद गल्ल्या, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, आणि जत्रेच्या दिवसांत देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर मुलांना कडेवर घेऊन चालणाऱ्या बाया यांच्यामधून असा पाहुणा आवाज न करणारी गाडी घेऊन जाणार आहे. ती पंचविसाची असो की साठाची, ती कोठून जावी हे आजच ठरविले पाहिजे. आपल्या नगरपालिकांनी या विषयावर एकही पाटी लावण्यापूर्वी एखादी दुर्घटना घडावी लागेल काय, हा आमचा प्रश्न आहे.

पंचविसाची मर्यादा ज्यांनी लिहिली, त्यांच्या मनात पायी चालणाऱ्याचा विचार होता असे आम्ही मानतो. तो विचार नियमाच्या पुस्तकातून काढून कारखान्यात, दुकानात आणि रस्त्याच्या कडेला उतरविणे हे सरकारचे, नगरपालिकांचे आणि विक्रेत्यांचे काम आहे. चालकांनीही एक गोष्ट मनाशी पक्की करावी. कडेच्या पट्टीवर पहिला हक्क पायांचा आहे आणि चाकाने तेथे यावयाचे ते पाहुण्यासारखे, घंटा वाजवून आणि मंद गतीने. हे ज्याला मान्य नाही, त्याने मोठ्या रस्त्याने जावे आणि त्या रस्त्याचे परवाना, विमा, हेल्मेट आणि क्रमांक हे सारे नियम मुकाट्याने पाळावेत. सवलत आणि वेग ही दोन्ही सुखे एकाच वेळी कोणालाही मिळता कामा नयेत.